आधी मायका सांगा

कै. भाऊराव मेहेंदळे यांच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांचा उल्लेख 'आगीत उडी घेणारा वीर' असा केला आणि लक्ष्मी गेटाजवळच्या त्या सभागृहात जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मी तिथल्या तिथे उभा राहून या विधानाला हरकत घेतली. शोकसभेत हरकत घेण्याची पद्धत नाही, असे सांगून मला खाली बसवण्यात आले. अशी पद्धत नाही हे कोणत्या नियमात लिहिले आहे, अशी लेखी विचारणा मी दुसऱ्याच दिवशी केली. उत्तर आलेले नाही. सबब माझी हरकत येथे सविस्तर नोंदवीत आहे.

भाऊरावांनी आयुष्यात एकाही आगीत उडी घेतली नाही. उडी घेणाऱ्याला ते गँगमधून काढून टाकीत. त्यांच्याविषयी अभिमानाने काही सांगायचेच असेल तर ते हे, की आगीपासून पळून जाण्यात त्यांच्या तोडीचा माणूस झाशीत झाला नाही. आणि पळणाऱ्यांत ते नेहमी सर्वांत मागे असत. ही दोन विधाने ज्यांना एकमेकांच्या विरुद्ध वाटतील त्यांनी पुढचा मजकूर धीराने वाचावा.

भाऊराव आमच्या रेल्वेत लाइनीवरचे मिस्त्री होते. वाफेच्या एंजिनांचा तो काळ. होळी उलटली की बुंदेलखंडात गवत असे वाळते, की त्याच्याकडे रागाने पाहावे आणि ते पेटावे. त्यात एंजिनांच्या धुराड्यांतून ठिणग्यांची खैरात चाले. लाइनीच्या कडेचे कांसाचे गवत पेटायचे. तिथून आग कधी कोणाच्या खळ्यात जायची, कधी पळसाच्या रानात. यासाठी उन्हाळ्यापुरती एक वेगळी गँग नेमलेली असे. अकरा माणसे, आसपासच्या गावांतली, बोली बुंदेली. हातात फावडी, कुऱ्हाडी, ओली पोती आणि हिरव्या फांद्या. त्यांचे म्होरके भाऊराव. माणसे त्यांना 'दद्दा' म्हणत.

मी कोर्टकचेरीच्या विभागात कारकून होतो. ज्यांची पिके आमच्या ठिणग्यांनी जळत, त्यांचे दावे माझ्या टेबलावर येत. वकिलीच्या एकाच परीक्षेपर्यंत माझी मजल गेली, कारण नंतर घरची जबाबदारी आली. पण भाऊराव मला 'वकीलसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टवाळी किती याचा निवाडा मला अखेरपर्यंत करता आला नाही.

माणूस ठेंगणा, मान आखूड, आणि भुवया मात्र अशा दाट की त्यांच्या सावलीत डोळे सुखाने राहावेत. त्या भुवयांचा त्यांना विलक्षण गर्व होता. आगवाल्याची अक्कल भुवयांवरून ओळखावी, असे ते म्हणत. दुसऱ्या विभागातला एखादा शूर मनुष्य भुवया भाजून हजर झाला, की भाऊराव त्याच्याभोवती एक फेरी घालून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात हळहळत, "वाह भैया, आग पाहायला गेला होतात की मुका घ्यायला?"

ते विडी ओढत नसत, पण खिशात विड्यांचा कट्टा कायम. कुठेही गेले की एक विडी पेटवायची आणि हातात धरून तिच्या धुराकडे पाहत राहायचे. वारा कुठून कुठे आहे हे समजले, की चपलेखाली विझवायची. देवळात, बँकेत, माझ्या घरी सत्यनारायणाला, सर्वत्र हाच क्रम. माझ्या पत्नीने एकदा रागाने विचारले, की दिवाणखान्यात कसला आला आहे वारा. भाऊराव म्हणाले, "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघराचा पडदा उद्या पेटला तर धूर देवाकडे जाईल. तेव्हा पाहुण्यांना मोरीच्या दाराने काढा." पडदा त्याच संध्याकाळी उतरला. मोरीचे दार मात्र तिने पुढे सहा महिने पाहुण्यांना दाखवले नाही.

सिंधूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत, "अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी मांडवाला मागचे दार आहे का ते पाहिले, मग मला." यावर भाऊरावांचे म्हणणे असे, की दार एकच होते, म्हणूनच आपण राहिलो.

माझी आणि त्यांची ओळख भांडणाने झाली. एका दाव्याची जागा पाहण्यासाठी मला त्यांच्याबरोबर ट्रॉलीने जावे लागले. आम्ही जागेवर पोहोचतो न पोहोचतो तोच पुढच्या उतारावर गवत पेटलेले दिसले. मी अर्थातच म्हणालो, की चला, विझवा. भाऊरावांनी गँगला गोल करून खाली बसवले. आगीकडे पाठ करून स्वतः बसले. विडी पेटवली. मी घड्याळ काढले. समोर सरकारी हद्दीत आग, आणि सरकारी नोकर विडीचा धूर न्याहाळीत आहेत, असा देखावा मी पूर्वी पाहिला नव्हता.

मग त्यांनी हलके नावाच्या एका काटक माणसाला लाइनीच्या भरावावर चढवले. त्याचे काम एकच, आगीकडे आणि वाऱ्याकडे पाहत राहायचे. हाताला फावडे लावायचे नाही. नंतर ते प्रत्येकाला विचारू लागले, "मायका कहाँ?"

मायका म्हणजे वारा फिरला तर जिथे पळायचे ती जागा: जळून गेलेला तुकडा, कोरड्या नाल्याची वाळू, लाइनीची खडी, जिथे आगीला खायला काही नाही असे ठिकाण. प्रत्येक माणसाने ती जागा बोटाने दाखवायची, तिथे जायची वाट सांगायची, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी सांगायची. एक जण अडखळला. भाऊरावांनी त्याला उठवून त्या जागेपर्यंत पळत पाठवले आणि परत बोलावले. तोपर्यंत आगीने आणखी बराच उतार खाल्ला. मी संतापून म्हणालो, की हा कर्तव्यातला उघड कसूर आहे आणि मी तो कळवणार.

"कळवा की," भाऊराव म्हणाले. "पण वकीलसाहेब, ज्या सुनेला माहेर नाही तिने सासूशी भांडू नये. तुमचा मायका कुठे?"

मला सांगता आला नाही, कारण मी आगीकडे पाहत होतो. त्यांनी मला ट्रॉलीजवळ उभे केले. गँगमध्ये मोजणीचीही एक रीत होती. मायक्यात जो पहिला पोहोचेल त्याने 'एक' म्हणायचे, दुसऱ्याने 'दो', आणि सर्वांत शेवटच्याने मागे वळून पाहायचे, आपला आकडा सांगायचा आणि म्हणायचे, 'पीछे कोई नहीं.' ते म्हटल्याखेरीज गिनती पुरी होत नाही, आणि गिनती पुरी झाल्याखेरीज कोणी जागेवरून हलत नाही. शेवटचा आकडा 'बारह', आणि तो कायम दद्दांचा. माझा आकडा कोणता, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, की पाहुण्यांना आकडा नसतो. पाहुण्यांनी फक्त आमच्या आधी पळायचे.

त्यानंतर त्यांनी आग विझवली. जेवणाच्या सुट्टीपूर्वी विझवली, हे मी माझ्या तक्रारीत प्रामाणिकपणे नमूद केले. तक्रार मात्र मागे घेतली नाही. ती आजही माझ्या मते योग्य आहे. कारण त्या गवतापुरते बोलायचे तर ते निम्म्या वेळात वाचले असते.

आता बोंबेविषयी. गँगला पळायचा इशारा देण्यासाठी शिट्टी होती. पण आगीच्या घरघरीत शिट्टी कोणाला ऐकू येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडात ती टिकत नाही. म्हणून भाऊरावांनी या बुंदेली माणसांना आपली अस्सल मराठी बोंब शिकवली. तोंडावर उलटा हात, आणि आवाज नगऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, निघाला तर स्टेशनपर्यंत जावा. बोंब ऐकली की हातातले टाकायचे, विचार करायचा नाही, मायका गाठायचा. हे त्या माणसांच्या पायांत इतके मुरले होते, की डोक्याला त्याची खबरही लागत नसे.

यातून जो अनर्थ व्हायचा तो होळीला झाला. नगऱ्यात आम्हा मराठी रेल्वेवाल्यांची होळी सूर्यास्ताला पेटे. त्या वर्षी भाऊरावांनी कौतुकाने गँगला बोलावले होते. गुरुजी मुहूर्ताची घाई करीत होते. भाऊराव होळीभोवतीचे गवत खरवडून घेत होते. गुरुजींनी पंचांग दाखवले. भाऊरावांनी त्यांना विडी दाखवली. मुहूर्त पंधरा मिनिटे टळला, होळी एकदाची पेटली, आणि आम्ही शे-सव्वाशे मराठी माणसांनी परंपरेप्रमाणे एकमुखाने बोंब मारली.

अकरा माणसे जागची उठली. कोणाच्या हातात पुरणपोळी होती, कोणाच्या हातात नारळ. ते सगळे टाकून ती पळाली. मधे बसलेल्या बायकांच्या अंगावरून, गुरुजींच्या पूजेच्या ताटातून, थेट पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानात. तिथून अंधारातून आवाज येऊ लागले, एक, दो, तीन. 'ग्यारह' झाले आणि मोजणी थांबली. ती माणसे परत येईनात. शेवटी भाऊरावांना धोतर सावरीत मैदान ओलांडून जावे लागले आणि सगळ्या नगऱ्याने ऐकले, "बारह. पीछे कोई नहीं." मागे आम्ही शे-सव्वाशे जण उभे होतो, हे त्यांनी विचारात घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊराव घरोघर फिरले. म्हणाले, की पुन्हा होळीला बोंब नको, अंत्यविधीलाही नको. गँगच्या माणसांना बोंबेचे हसू येऊ लागले, की पाय चुकतील. आणि एकदा खोटी बोंब कानांवरून गेली की खरीला कोणी पळत नाही. मी कडाडून विरोध केला. होळीची बोंब ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे आणि वहिवाट एका मिस्त्रीच्या सोयीसाठी रद्द होत नाही, असे मी सभेत मांडले, नंतर लिहून दिले, नंतर त्या लेखाच्या प्रती वाटल्या. सभा माझ्या विरुद्ध गेली. सिंधूताईंनी बायकांची मते आधीच फिरवून ठेवली होती. तेव्हापासून नगऱ्याची मराठी होळी मुकी झाली. आम्ही अग्नीभोवती बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे उभे राहत असू. पुढच्या पिढीला बोंब मारता येईनाशी झाली. या सांस्कृतिक हानीची जबाबदारी निश्चित व्हावी, ही माझी मागणी प्रलंबित आहे.

पण ज्या प्रसंगी त्यांच्या भाकरीवरच आले, त्या प्रसंगी मी त्यांच्या बाजूला बसलो होतो, हेही नोंदले पाहिजे.

एरच रोड स्टेशनच्या बाजूला लाइनीशेजारी लाकडी स्लीपरांची मोठी चळत होती. भर वैशाखात तिच्याजवळचे गवत पेटले. नवे आलेले एक तरुण साहेब ट्रॉलीने आधीच पोहोचले होते. त्यांनी हुकूम दिला, की चळत आणि आग यांच्यामध्ये शिरा. भाऊरावांनी माणसे बसवली. साहेब ओरडत राहिले, आणि भाऊराव मायका विचारत राहिले. नाल्याची वाळू हा मायका ठरला. भाऊरावांनी साहेबांनाही तो बोटाने दाखवला आणि पुन्हा म्हणून दाखवायला सांगितले. साहेबांनी ते अपमान समजून नाकारले. मग गँग कामाला लागली. अर्धी पट्टी खरवडून झाली असेल नसेल, भरावावरून हलकेने हात उंच केला. वारा फिरला होता. भाऊरावांनी बोंब ठोकली. सर्व जण वाळूत पोहोचले. चळत जळून गेली.

चार आरोप ठेवण्यात आले: वरिष्ठांच्या हुकमाची अवज्ञा, विलंब, सरकारी मालमत्ता सोडून पळणे, आणि वरिष्ठांसमक्ष असभ्य आवाज काढणे. सिद्ध झाले असते तर भाऊरावांचे मिस्त्रीपद जात होते आणि गँग फोडून माणसे चहूकडच्या स्टेशनांवर विखुरली जाणार होती. पदाचे त्यांना फारसे दुःख नव्हते. ते मला एवढेच म्हणाले, की या अकरा जणांना दुसरा कोणी तरी आगीत नेईल आणि मायका विचारणार नाही. हे म्हणताना ते टवाळी करीत नव्हते. तसे मी त्यांना तेवढे एकदाच पाहिले.

बचावाचे काम मी मागून घेतले. चौकशी करणारे साहेब वयस्क होते, निवृत्तीला आलेले. भाऊराव खोलीत आले, विडी पेटवली, आणि म्हणाले की या खोलीचे दुसरे दार कपाट लावून बंद केले आहे. ते उघडल्याशिवाय आपण बसणार नाही. मी डोक्याला हात लावला. वयस्क साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि शिपायांकडून कपाट हलवून घेतले. मागून दार निघाले. साहेबांनाच ते ठाऊक नव्हते.

असभ्य आवाजाचा आरोप आला तेव्हा साहेब म्हणाले, की आवाजाचे स्वरूप नोंदवणे आवश्यक आहे, तरी मिस्त्रींनी तो काढून दाखवावा. बाहेर व्हरांड्यात साक्षीसाठी गँग बसली होती. मी भाऊरावांना डोळ्यांनी विनवले, की काढा, एवढ्याने एक आरोप हलका होईल. भाऊराव उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "हुजूर, नौकरी ले लीजिए. झूठी बोंब नहीं मारूँगा. बाहर मेरे आदमी बैठे हैं."

आपण हरलो, असे मला वाटले; आणि जेव्हा मला तसे वाटते तेव्हा माझा संताप उपयोगी पडतो. मी तक्रारदार तरुण साहेबांना प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली.

मी विचारले, की तो आवाज आपल्याला ऐकू आला काय. आला, ते म्हणाले. त्यानंतर आपण काय केलेत? ते घुटमळले, मग म्हणाले, की आपण तिथून हटलो. कोणत्या दिशेने? नाल्याच्या. नाल्यातच जावे हे आपल्याला कोणी सांगितले होते?

तरुण साहेबांनी वयस्क साहेबांकडे पाहिले. वयस्क साहेब छताकडे पाहत होते.

"मिस्त्रींनी," ते म्हणाले.

"आणि वाळूत पोहोचणाऱ्यांत आपला नंबर कितवा होता?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नाही, असे वयस्क साहेबांनी ठरवले. मात्र व्हरांड्यातून हलकेचा आवाज खिडकीतून स्पष्ट आत आला, "साहब को लंबर एक हतो."

मी एवढेच मांडले, की साहेबांनी जो हुकूम कानांनी नाकारला तो पायांनी मान्य केला आहे, आणि पायांची मान्यता पुराव्यात धरावी. अवज्ञा, विलंब आणि पळणे हे आरोप रद्द झाले. असभ्य आवाजाबद्दल तेवढी लेखी ताकीद मिळाली. गँग शाबूत राहिली. भाऊरावांनी पेढे वाटले आणि तरुण साहेबांना स्वतः नेऊन दिले. त्यांच्या खोलीचे दुसरे दारही दाखवून आले. ती ताकीद रद्द व्हावी म्हणून मी पुढे अनेक वर्षे पत्रे लिहिली. भाऊराव म्हणत, "राहू द्या वकीलसाहेब. माझ्या बोंबेची सरकारदरबारी तेवढीच नोंद आहे."

पुढे वाफ गेली, डिझेल आले, ठिणग्या गेल्या. गँग मोडली ती कोणाच्या हुकमाने नव्हे, गरज संपली म्हणून. भाऊराव निवृत्त झाले, सिंधूताई गेल्या. संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर येत, विडी पेटवीत आणि विझवीत. नगऱ्याची होळी मात्र मुकीच राहिली. कारण विचारले तर कोणाला सांगता आले नसते. मला आले असते, पण मला कोणी विचारीत नाही.

त्यांना मूल नव्हते. अंत्यविधीला नागपूरहून पुतण्या आला होता. घाटावर गँगची जी माणसे हयात होती ती आली होती. सगळी म्हातारी; हलकेच्या हातात काठी. ती आमच्यापासून जरा लांब, आपसांत न बोलता बसली होती. त्यांच्यात कोणी विडी पेटवलेली मी पाहिली, आणि स्मशानात हे शोभत नाही असे म्हणणार होतो; पण तो ती ओढत नव्हता.

पुतण्याने अग्नी दिला. मडके फुटले. आणि मग, रीतीप्रमाणे, त्याने तोंडावर उलटा हात ठेवून बोंब मारली. त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. इतक्या वर्षांत नगऱ्याच्या माणसांनी ऐकलेली ती पहिलीच बोंब.

म्हातारी माणसे उठली. विचार केलाच नाही. हलकेची काठी पडली, तिच्यावरून तो गेला. पळणे त्याला म्हणता येणार नाही. पण त्या वयात जे पळणे असते ते ती पळाली, चितेला वळसा घालून, घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या उघड्या खडकावर. पुतण्या आ वासून उभा. गुरुजी म्हणाले, की हा काय आचरटपणा आहे. खडकावरून आवाज आले, एक, दो, तीन. छह. मग काही नाही.

ती माणसे परत येईनात.

गुरुजींना मी रीत समजावून सांगू लागलो, ते मला शास्त्र समजावून सांगू लागले, आणि आमचा वाद रंगात येतो न येतो तोच वारा फिरला. चितेचा सगळा धूर आमच्यावर आला. नातेवाईक, गुरुजी, नगऱ्याची प्रतिष्ठित मंडळी खोकत, डोळे पुसत फाटकाबाहेर गेली. मी मात्र खडकाकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. तो मायका आहे हे मला कोणी बोटाने दाखवले नव्हते. खडकावर धुराचा लवलेश नव्हता.

सहाही म्हातारे माझ्याकडे पाहत होते.

"बोलो बाबूजी," हलके म्हणाला. "पीछे देखकर."

मी मागे वळून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणालो, "सात." आणि पुढचे विधान करण्यास मी नकार दिला, कारण ते वस्तुस्थितीला धरून नव्हते.

हलकेने चितेकडे पाहिले.

"ठीक है बाबूजी," तो म्हणाला. "आठ दद्दा खुदई बोल लैहें."

आणि आम्ही तिथेच उभे राहिलो.